थळ, स्थळ आणि उथळ

अलिबागच्या उत्तरेला, वरसोलीच्या पुढे थळ आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी, गावाला लागून राष्ट्रीय केमिकल्सचा अवाढव्य खत कारखाना, कोळीवाडा, वाड्या. नावात दोनच अक्षरं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. पहिलीतल्या पोरालाही लिहिता यावं इतकं सोपं नाव. पण तेच डेटाबेसमध्ये शोधायला घ्या, भल्याभल्यांना घाम फुटतो.

समजा, अलिबाग तालुक्याबद्दल मराठीत जे जे छापलं गेलं ते कोणी चिकाटीनं टाइप करून ठेवलं आहे. वर्तमानपत्रांतली कात्रणं, ग्रामपंचायतींच्या नोटिसा, दिवाळी अंकांतले लेख, लग्नाच्या जाहिराती, सगळं. पाच लाख नोंदी, प्रत्येक नोंद सरासरी दोन हजार अक्षरांची. हे सारं एका रिलेशनल डेटाबेसच्या टेबलात भरलं आहे: एका ओळीत एक नोंद, आणि तारीख, मथळा, मजकूर यांना वेगवेगळे रकाने. एडगर कॉड यांनी १९७० साली ही रकानेवारी मांडली आणि आज बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत बहुतेक जग तिच्यावर चालतं. आता या टेबलाला विचारायचं एवढंच, की थळ गावाबद्दलच्या नोंदी काढून दे.

पहिला मार्ग कोणालाही सुचेल असा. एसक्यूएल या भाषेत ‘लाइक’ नावाची सोय आहे. त्यात % म्हणजे ‘इथे काहीही चालेल, काही नसलं तरी चालेल’ आणि _ म्हणजे ‘इथे कुठलंही एकच अक्षर’. तेव्हा ‘%थळ%’ असा नमुना दिला की ज्या मजकुरात थ आणि ळ लागोपाठ आले तो प्रत्येक मजकूर हाती यायला हवा. तसा तो येतोही. टेबलातल्या पाच ओळी अशा आहेत असं धरू:

एक, ‘थळच्या कोळीवाड्यातून होड्या पहाटे निघाल्या.’
दोन, ‘खाडीचं पाणी इथे उथळ आहे.’
तीन, ‘पोलीस घटनास्थळी दाखल झाले.’
चार, ‘सुशिक्षित कुटुंबातील अनुरूप स्थळ हवे.’
पाच, ‘श्री. थळे यांनी आभार मानले.’

‘%थळ%’ या पाचही ओळी काढून देतो. किनाऱ्यावरच्या तालुक्यात ‘उथळ’ रोजचाच शब्द, पर्यटनावर जगणाऱ्या गावांत ‘पर्यटनस्थळ’ पानोपानी, गुन्ह्याच्या बातमीत ‘घटनास्थळ’ हटकून, आणि लग्नाच्या जाहिराती तर ‘स्थळ’ या शब्दावाचून पुऱ्याच होत नाहीत. गाव शोधायला गेलेला माणूस वधू-वर सूचक मंडळात जाऊन पोचतो.

यंत्राचं काही चुकलेलं नाही. त्याला शब्द दिसतच नाही, दिसते ती नुसती अक्षरांची रांग. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याला अर्थ आहे की नाही, याच्याशी ‘लाइक’ला काहीच देणंघेणं नाही. त्यासाठी लागणारा खर्चही बघण्यासारखा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. पाच लाख गुणिले दोन हजार गुणिले तीन म्हणजे तीन अब्ज बाइट. दोन अक्षरांसाठी तीन जीबी मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा, आणि पुढच्या माणसानं ‘चौल’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. नेहमीचा इंडेक्स इथे कामाचा नाही, कारण तो मजकूर अकारविल्हे लावतो, म्हणजे पहिल्या अक्षरावरून. ‘थ’नं सुरू होणारे मथळे तो चटकन देईल. नमुन्याच्या सुरुवातीलाच % आला, की कुठल्या अक्षरापासून बघायचं तेच त्याला कळत नाही.

दुसरा मार्ग उलट्या बाजूनं येतो. मजकुरात शब्द शोधत बसण्यापेक्षा आधीच प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या नोंदींत आला ते लिहून ठेवायचं. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, ‘आंग्रे, कान्होजी: ४१, ८८, २०३’, तसंच हे. कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये सेंट शेरचे ह्यू आणि त्यांच्याबरोबरच्या डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलमधल्या शब्दांची अशी सूची हातानं केली होती. यंत्रातली सूची मात्र नवी नोंद आली की स्वतःला दुरुस्त करून घेते. हा फुल-टेक्स्ट सर्च. पोस्टग्रेस या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये तो आणण्याचं श्रेय मॉस्कोच्या ओलेग बार्तुनोव आणि तिओदोर सिगाएव यांना जातं. बार्तुनोव हे मुळात खगोलशास्त्रज्ञ, तिथल्या श्टर्नबर्ग संस्थेतले. आधी बाहेरून जोडावा लागणारा त्यांचा भाग २००८ साली ८.३ या आवृत्तीत मूळ डेटाबेसमध्येच सामावला गेला.

आता या सूचीला विचारा: ‘थळ’. उत्तर क्षणात येतं. वरच्या पाच ओळींपैकी किती? एकही नाही.

‘उथळ’, ‘घटनास्थळी’, ‘स्थळ’ हे सूचीत वेगळे शब्द म्हणून नोंदले गेले, ते गळाले. छान झालं. पण आपल्याला हवी असलेली पहिली ओळही गेली, कारण तिच्यात ‘थळ’ नाहीच, ‘थळच्या’ आहे. मराठी माणूस गावाचं नाव नुसतं असं घेतो तरी किती वेळा? थळला जातो, थळहून येतो, थळमध्ये राहतो, थळचा असतो, थळकर होतो. विभक्तीचे प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दाला चिकटवूनच लिहितो. हिंदीत नामाच्या पुढचे ‘में’, ‘से’, ‘का’ सुटे राहतात. इंग्रजीत तर सगळं आधीच सुटं. त्यामुळे शब्द हे एकक धरून बांधलेलं यंत्र त्या भाषांत बरंच काम निभावून नेतं आणि मराठीत पहिल्याच पावलाला ठेचकाळतं.

यावर जगानं काढलेला उपाय म्हणजे शब्दाची शेपटी छाटून मूळ रूप सूचीत ठेवणं. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली त्याचे नियम प्रसिद्ध केले, पुढे इतर भाषांचे नियम त्यांच्याच ‘स्नोबॉल’ या प्रकल्पात गोळा होत गेले. पोस्टग्रेसमध्ये १२व्या आवृत्तीपासून नेपाळी आणि तमिळ आहे, १४व्या आवृत्तीपासून हिंदी आहे. मराठीचा नंबर अजून लागलेला नाही. जिला गरज जास्त तीच रांगेत मागे, हे आपल्याला तसं नवीन नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या लोकप्रिय डेटाबेसमध्ये तर थळची कथा अधिकच मजेशीर आहे. त्याचं इनोडीबी हे नेहमीचं इंजिन, काहीही न बदलता वापरलं तर, तीन चिन्हांहून लहान शब्द फुल-टेक्स्टच्या सूचीत घेतच नाही. इंग्रजीत एक-दोन अक्षरी शब्द बहुधा बिनकामाचे, म्हणून ही काटकसर. तालुक्यातल्या इतर गावांपैकी ‘चरी’ वाचते, कारण यंत्राच्या हिशेबी च, र आणि दीर्घ वेलांटी अशी तीन चिन्हं होतात. ‘चौल’ही वाचतो. ‘अक्षी’ ऐकायला दोन अक्षरांची, पण अ, क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी मिळून पाच चिन्हांची धनीण. ‘थळ’ मात्र खरोखरच दोन चिन्हांचं. ते सूचीत जात नाही, आणि शोधलं तर कसलीही तक्रार न करता शून्य नोंदी येतात. जुन्या मायआयसॅम इंजिनात ही मर्यादा चारची होती. तिथे चरी आणि चौलही थळच्या पंक्तीला जाऊन बसत. मर्यादा बदलता येते, पण मग सूची नव्यानं बांधावी लागते आणि त्याआधी मर्यादा आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

तर एक मार्ग नको तेवढं देतो, दुसरा हवं तेही देत नाही. दोन्ही एकत्र वापरायचे, पण कसे?

फुल-टेक्स्टमध्येच एक मधली सोय आहे: शब्दाची सुरुवात सांगायची. पोस्टग्रेसमध्ये ‘थळ:*’ असं लिहिलं की सूचीतले ‘थळ’नं सुरू होणारे सारे शब्द जमेस धरले जातात. सूची मुळात क्रमानं लावलेली असल्यामुळे हे सगळे शब्द शेजारी शेजारीच असतात आणि ते उचलायला वेळ लागत नाही. पाच ओळींपैकी आता पहिली आणि पाचवी मिळते. ‘उथळ’ नाही, ‘स्थळ’ नाही. फक्त थळे आडनावाचे गृहस्थ आत शिरले, त्यांना नम्रपणे बाहेर काढायचं आहे.

इथे नमुना पुन्हा कामाला येतो. पण ‘ज्या नोंदीत थळे आहे ती नको’ असं म्हणून भागणार नाही. ‘थळमध्ये श्री. थळे यांनी ध्वजवंदन केलं’ ही आपल्याला हवी असलेली नोंदही त्यात जाईल. अट होकारार्थी घालावी लागते: आधी मजकुराची सुरुवात किंवा मोकळी जागा, मग थळ, आणि त्यानंतर च, ल, म, ह, क, स्वल्पविराम, पूर्णविराम किंवा पुन्हा मोकळी जागा. ‘लाइक’च्या पलीकडची, रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची नमुन्यांची भाषा हे एका छोट्या कंसात सांगू शकते. आता पाचातली एकच, पहिली ओळ उरते.

गंमत अशी, की तर्कानं पाहिलं तर या शेवटच्या अटीनंतर फुल-टेक्स्टची अट अनावश्यक झाली. नमुना एकट्यानं लावला असता तरी तीच ओळ मिळाली असती. मग ती ठेवायची कशाला? तीन जीबी वाचायला लागू नयेत म्हणून. ‘थळ:*’नं पाच लाखांतून समजा चाळीस नोंदी काढल्या, तर चिकित्सक, मंदगती नमुना त्या चाळिसांवरच चालवायचा. काम साडेबारा हजार पटींनी घटलं. खरं-खोटं नमुना ठरवतो, कुठे बघायचं ते सूची सांगते. अटी दोन असल्या तरी त्या एकाच कामाच्या नव्हेत, आणि हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आणखी एक नवल. क्वेरीत आपण नमुन्याची अट आधी लिहिली आणि फुल-टेक्स्टची नंतर, तरी बिघडत नाही. एसक्यूएलमध्ये काय हवं एवढंच सांगायचं असतं, कसं आणायचं ते डेटाबेसचा प्लॅनर ठरवतो. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रयोगातून १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली: टेबलाची थोडी आकडेवारी जवळ ठेवायची, प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजायचा, स्वस्त वाट धरायची. सूचीतून चाळीसच नोंदी येतील असं वाटलं तर प्लॅनर दुसऱ्या इंडेक्सकडे ढुंकूनही बघत नाही, त्या चाळीस वाचून मोकळा होतो. पण दोन्हीकडे हजारो निघणार असतील, समजा मजकुरात ‘अलिबाग:*’ आणि मथळ्यात ‘%बंदर%’, तर पोस्टग्रेस एक सुंदर युक्ती करतो. प्रत्येक इंडेक्सकडून तो नोंदींचा नकाशा मागतो. नकाशा म्हणजे शून्य नि एकांची लांबलचक पट्टी: जिथे नोंद जुळते तिथे एक, बाकी शून्य. पट्ट्या फार मोठ्या झाल्या तर एकेका नोंदीऐवजी आठ केबीच्या अख्ख्या पानालाच एक खूण. मग दोन पट्ट्या एकावर एक ठेवायच्या आणि दोन्हीकडे एक असेल तिथेच एक राखायचा. प्रोसेसर एका फटक्यात अशी कित्येक घरं उरकतो. मूळ मजकुराला अजून हातही लागलेला नसतो. उरलेल्या खुणांची पानं तेवढी उघडायची, खात्री करायची, उत्तर द्यायचं.

मायएसक्यूएल असे दोन इंडेक्स एकत्र करताना फुल-टेक्स्टला त्यात धरत नाही. तिथे ‘आणि’ची अट चालून जाते, कारण आधी सूची, मग चाळणी असा क्रम लागतो. ‘किंवा’ आलं की मात्र गाडी अडते: शब्द जुळो किंवा नमुना जुळो, म्हणजे सगळंच टेबल वाचणं आलं. जाणकार मग दोन वेगळ्या क्वेऱ्या लिहून ‘युनियन’नं जोडतात. नमुन्याची बाजू तरीही टेबल वाचतेच, पण सूचीची बाजू तिच्यात अडकून पडत नाही.

पण ‘%बंदर%’ची पट्टी आली कुठून? आपण तर म्हणालो, की सुरुवातीला % असला की इंडेक्स हात टेकतो. इथे ट्रायग्रॅम येतो. मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडायचे, एकमेकांवर चढलेले, आणि शब्दांऐवजी त्या तुकड्यांची सूची करायची. नमुन्याचेही तसेच तुकडे पाडले की ज्या नोंदींत ते सगळे आहेत तेवढ्याच बघायच्या. तुकडे सगळे असले तरी क्रम वेगळा असू शकतो, म्हणून शेवटी खरा मजकूर एकदा तपासून घ्यावा लागतो. पोस्टग्रेसच्या ट्रायग्रॅम विस्तारानं २०११च्या ९.१ आवृत्तीपासून ‘लाइक’ला ही मदत दिली. देवनागरीत तीन चिन्हं म्हणजे नऊ बाइट होतात आणि सूचीत जागा असते तीन बाइटची. म्हणून प्रत्येक मराठी तुकडा एका गणिती सूत्रातून पिळून तीन बाइटांत बसवला जातो. दोन वेगळे तुकडे पिळल्यावर सारखे दिसू शकतात, तेही शेवटच्या तपासणीत निस्तरतं. ‘%थळ%’ला मात्र इथेही दार बंद, कारण दोन चिन्हांतून तीनचा तुकडा निघतच नाही.

काना-वेलांटीला अक्षर मानायचं की नाही, हा तर वेगळाच घोळ. युनिकोडच्या वर्गवारीत ही चिन्हं अक्षरं नव्हेत, अक्षराला लागणारी जोडचिन्हं आहेत. शब्द तोडणाऱ्या यंत्रानं ‘अक्षर संपलं की शब्द संपला’ एवढंच धरलं तर किहीम या गावाच्या नावाचे क, ह, म असे तीन तुकडे होतात. म्हणून पोस्टग्रेसच्या फुल-टेक्स्टच्या कोडमध्ये अशा चिन्हांची एक यादीच आहे. ती अक्षरं नसली तरी शब्द तोडणारीही नाहीत, असा तिचा अर्थ. देवनागरीचा विसर्ग, काना आणि दोन्ही वेलांट्या तिच्यात आहेत. ट्रायग्रॅमच्या बाबतीत ही गोष्ट डेटाबेस बसवताना निवडलेल्या लोकॅलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, अवलंबून असते. तेव्हा मराठी मजकूर असेल तर लोकॅल निवडताना ‘चालतंय की’ म्हणून पुढे जाऊ नये.

आता चरी. अलिबाग तालुक्यातलं हे गाव शेतकऱ्यांच्या इतिहासात अजरामर झालं ते १९३३ ते १९३९ या काळातल्या संपामुळे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं ते पाळलं. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३९ साली मुंबई प्रांतात कूळकायदा आला. या संपाबद्दलच्या नोंदी काढायच्या आहेत. ‘चरी:*’ घेतलं की चरीचा, चरीला, चरीतल्या सगळे येतात, आणि ‘सहचरी’ बाहेर राहते. कोणी ‘चरित्र’ चुकून दीर्घ लिहिलं असेल तर तेवढं ‘चरीत्र’ आत घुसेल, घुसू द्या. पण ‘संप:*’ लिहून बघा! संपूर्ण, संपर्क, संपत्ती, संपला, आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांत तर ‘संपादक’ हटकून. बरं, ‘संप’ नुसता घ्यावा तर ‘संपाचा’, ‘संपात’, ‘संपामुळे’ जातात, आणि ‘संपा:*’ घ्यावं तर संपादक महाशय पुन्हा दारात. उपाय तोच: ‘चरी:*’ आणि ‘संप किंवा संपा:*’ अशी ढोबळ सूची, आणि मग नमुन्यानं ‘संपा’नंतर द येत नाही ना ते बघायचं. ‘संपामध्ये’ राहतो, ‘संपादकीय’ जातं. व्याकरणाचा गंध नसलेल्या यंत्राकडून मराठी सामान्यरूप ओळखून घेण्याचा हा खटाटोप मला तरी फार देखणा वाटतो.

सामान्यरूपाचा दुसरा फटका ऱ्हस्व-दीर्घाचा. अलिबागचं नाव अली नावाच्या धनिकावरून पडलं, त्यानं इथे पुष्कळ विहिरी खणल्या, बागा केल्या, अशी कथा गॅझेटियर सांगतं. म्हणून ‘विहीर’ शोधायला जावं, तर ‘विहीर:*’ला ‘विहिरी’ सापडत नाहीत, ‘विहिरीत’ही नाही, कारण प्रत्यय लागताच ‘ही’ची ‘हि’ झाली. ‘लाइक’मधली खालची रेघ इथे शोभून दिसते: ‘%विह_र%’. दीर्घ असो, ऱ्हस्व असो, रेघेच्या जागी दोन्ही बसतात. पण कानाही बसतो! बुद्धविहार, नौकाविहार आणि विहार तलाव, सगळे विहिरीत पडतात. मग रेग्युलर एक्स्प्रेशनच्या चौकोनी कंसात फक्त दोन वेलांट्या लिहून कान्याला दार लावून घ्यायचं.

कधी शब्दही बरोबर, रूपही बरोबर, तरी उत्तर चुकतं. ‘कुलाबा’ म्हटलं की मुंबईचं टोक, अलिबागसमोर ओहोटीला चालत गाठायचा जलदुर्ग, आणि १९८१ साली रायगड हे नाव मिळण्यापूर्वीचा जिल्हा, असे तिघं एकदम उभे राहतात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा तिथल्या कुलाब्यातली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलली आणि १९०४ सालापासून इथेच आहे. तिच्यावरच्या लेखात तर दोन कुलाबे एका वाक्यात भेटू शकतात. नमुन्याला यातलं काही कळत नाही. फुल-टेक्स्टमध्ये मात्र शब्द कुठल्या नोंदीत आला याबरोबर कितव्या जागी आला हेही लिहिलेलं असतं. म्हणून ‘कुलाबा’च्या लगेच पुढे ‘जिल्ह’नं सुरू होणारा शब्द, अशी अट घालता येते. ‘जिल्हा’ही येतो, ‘जिल्ह्यात’ही येतो, किल्ला बाजूला राहतो.

आणि मग ‘किनाऱ्यावर’. अलिबागबद्दलचा मजकूर या शब्दाशिवाय पुढे सरकत नाही. त्यातला ‘ऱ्या’ साठवायचे निदान तीन प्रकार आहेत: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त; साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. आत चिन्हं वेगळी, म्हणून एका प्रकारानं शोधलं तर दुसऱ्या प्रकारानं टाइप केलेला किनारा नमुन्याला दिसत नाही नि सूचीलाही दिसत नाही. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणात एक होतात, तिसरा होत नाही. तो मजकूर भरतानाच बदलून घ्यायचा. दोन्ही मार्ग एकत्र करण्याच्या कितीही युक्त्या केल्या तरी हे काम आधी, म्हणजे अगदी पहिल्या दिवशी करावं लागतं.

या साऱ्यात शब्द सुटे असतात हे गृहीतच धरलं होतं. अलिबागपासून जवळच अक्षीला जो शिलालेख आहे, ज्याचा काळ शके ९३४ असा वाचून तो मराठीतला सर्वांत जुना म्हणून सांगितला जातो (हे वाचन सगळ्यांना मान्य नाही), त्या काळच्या कोरक्यांना शब्दांमध्ये जागा सोडण्याची सवय नव्हती. आंग्र्यांच्या काळचा मोडी कागद घ्या: आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडलेले नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नाही. लिप्यंतर करणारा जिथे शब्द तोडतो तो त्याचा निर्णय, आणि फुल-टेक्स्टची सूची त्या निर्णयावरच उभी राहते. त्याचा एक निर्णय चुकला की तो शब्द सूचीतून कायमचा गेला.

म्हणून अशा मजकुरासाठी दोन रकाने ठेवावेत. एकात अभ्यासकानं तोडलेला पाठ, त्यावर फुल-टेक्स्ट. दुसऱ्यात तोच पाठ मोकळ्या जागा काढून, सगळ्या वेलांट्या एकाच प्रकारच्या करून, त्यावर ट्रायग्रॅम. चुकीच्या जागी तुटलेलं गावाचं नाव दुसऱ्या रकान्यात अखंड सापडतं. अर्थात तिथे ‘%नागाव%’ शोधलं, की कुठल्या तरी कागदातला ‘जुना गाव’ही ‘जुनागाव’ होऊन नागाव म्हणून हजर होतो. त्याला बाहेर ठेवायला पहिल्या रकान्याची सूची लागते: दोन्हीकडे सापडलं ते आधी दाखवायचं, नुसत्या दुसऱ्या रकान्यात सापडलं ते खाली, वेगळ्या रंगात, मोडी वाचणाऱ्या माणसानं एकदा डोळ्याखालून घालावं म्हणून.